सोपानअण्णांचा पाना

आमच्या भूगावातल्या बांगड्यांच्या दुकानात लाल नेलपॉलिशचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे सोपानअण्णा. वय अडुसष्ट, पांढऱ्याशुभ्र मिशा, डोक्यावर टोपी, अंगात नेहरू शर्ट आणि लेंगा. दुकानातल्या बाई वेगवेगळ्या छटा काढून दाखवू लागल्या की अण्णा हात आडवा करतात आणि एकच प्रश्न विचारतात, "डिझेलनं निघत न्हाई न्हवं?" पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा बाईंनी नवऱ्याला आतून बोलावून घेतलं होतं म्हणे.

नेलपॉलिश लागतं ते गाडीला. गाडी गॅरेजला द्यायच्या आदल्या दिवशी अण्णा बॉनेट उघडून बसतात आणि जे जे काढून नेता येईल त्या प्रत्येक वस्तूवर लाल ठिपका देतात. बॅटरी, प्लग, पंख्याचा पट्टा, वायपर, स्टेपनी, झालंच तर जॅकसुद्धा. गाडी परत आली की एकेक ठिपका मोजून घेतात. एकदा हॉर्नवरचा ठिपका दिसेना. अण्णांनी गॅरेजवाल्याला दोन तास स्टुलावर बसवून ठेवलं. शेवटी ठिपका सापडला, धुळीखाली होता. तो बिचारा सुटकेचा निःश्वास टाकतोय तोवर अण्णांनी विचारलं, "मग ही धूळ कुनी टाकली?"

मी मूळचा परभणीचा. नोकरी हिंजवडीला, बायको वैशाली पौडच्या शाळेत शिक्षिका. सहा वर्षांपूर्वी आम्ही या सोसायटीत राहायला आलो. सामानाचा टेम्पो अजून रिकामा व्हायचा होता तेवढ्यात अण्णा समोर येऊन उभे राहिले.

"कुटलं?"

"परभणी."

"एवढ्या लांबनं हितंच का आला?"

नोकरीसाठी, असं मी सांगितलं.

"नोकरी हिंजवडीला म्हनता, मग घर भूगावात का?"

मी जमेल तसं उत्तर दिलं. अण्णांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. जाताजाता वॉचमनला, मला ऐकू जाईल अशा बेताने, म्हणाले, "पानी मुरतंय कुटंतरी." त्या दिवसापासून मी 'परभणीकर' झालो आणि वैशाली 'बाई'.

आमची इमारत उभी आहे ती एके काळच्या अण्णांच्या भातखाचरांवर. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात तळमजल्यावरचा फ्लॅट दिला, त्यात अण्णा एकटेच राहतात. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. उरलेला एक तुकडा कंपाउंडच्या पलीकडे आहे आणि सोसायटीची भिंत हळूहळू त्या तुकड्याकडे सरकते आहे असा त्यांना दाट संशय आहे. दर दोन-तीन महिन्यांनी ते टेप घेऊन मोजतात. मी एकदा म्हणालो, "अण्णा, भिंत कशी सरकेल?" तर म्हणाले, "तुमी बगत न्हाई म्हनून तुमाला कळत न्हाई."

लिफ्टमध्ये 'दार बंद करा' असं सांगणारा बाईचा आवाज आहे. अण्णांनी आठ दिवस चौकशी केली की ही बाई बसते कुठे आणि दार उघडं आहे हे तिला दिसतं कुठून. मोबाइलमध्ये पावसाचा अंदाज आला की, "ह्येला मुळशीचं आभाळ कुनी दाकवलं?" पार्सल घेऊन आलेल्या पोऱ्याने ओटीपी विचारला तर ते देत नाहीत. तो पार्सल घेऊन परत जातो आणि अण्णा समाधानाने म्हणतात, "बगितलं? विचारलं तसा पळाला."

पार्किंगमध्ये कॅमेरा बसवावा हा आग्रहही त्यांचाच. सोसायटीच्या वार्षिक सभेत त्यांनी तासभर बोलून तो ठराव मंजूर करून घेतला होता. सगळ्यांनी हात वर केले ते सभा संपावी म्हणून.

असा माणूस आयुष्यभर करत काय होता? तर पिरंगुटच्या एका कारखान्याची कामगारांची बस चालवत होता. एकतीस वर्षं, आणि एकही अपघात नाही. याचं रहस्य विचारलं की अण्णा बोट वर करतात, "कुनावर इस्वास ठिवला न्हाई. मेकॅनिक म्हनला गाडी तयार हाय, की मी पुन्हा पयल्यापासनं बगायचो. चाळीस मान्सं मागं बसल्याली असत्यात, परभणीकर. त्येंची बायकापोरं घरी वाट बगत असत्यात." आता त्यांच्याकडे एक जुनी मोटार आहे. ती ते तिशीच्या वेगाने चालवतात आणि ब्रेक लावायची वेळच येऊ देत नाहीत. चुकून लावलाच तर गाडी नखशिखांत थरथरते. मी ते बोलून दाखवलं तर म्हणाले, "माझ्यागत म्हातारी झालीया ती."

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. एक गोष्ट मात्र नव्हती.

अण्णांना एकुलता एक मुलगा, संतोष. तो नेऱ्याला राहतो, इथून गाडीने जेमतेम तासाभराच्या अंतरावर. पूर्वी तो दर रविवारी बायकोला, रूपालीला, घेऊन जेवायला यायचा. अण्णा सकाळपासून मटणाचा वास सोसायटीभर पसरवायचे. मग संतोषची नवी गाडी ब्रेक लावला की थरथरू लागली. रूपालीचा भाऊ अविनाश याचं पिरंगुटला गॅरेज आहे. त्याने पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या डिस्का बदलून दिल्या. महिन्याभरात पुन्हा थरथर. त्याने परत नव्या घातल्या, परत तेच. झालं, अण्णांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली आणि ती काही केल्या गप्प बसेना.

बसायला हवी होती, कारण पुढे जे झालं ते फार वाईट झालं. संतोषच्या घरी नातीचा पहिला वाढदिवस होता. दोन्हीकडची माणसं जमलेली, केक कापायचा होता. अण्णा भर हॉलमध्ये अविनाशला म्हणाले, "नव्या डिस्का म्हनून दुसऱ्याच्या गाडीच्या जुन्या घालतोस व्हय रं? भनीच्या घरात बी चोरी?" तो पोरगा काळाठिक्कर पडला. रूपाली रडत आत गेली, तर तिच्या पाठीमागून अण्णांनी आणखी एक वाक्य फेकलं, "चोराच्या घरची पोरगी केली आमी." संतोषने त्यांना हाताला धरून खाली आणलं, रिक्षात बसवलं आणि त्यानंतर दोन वर्षं तो बापाच्या दारात आला नाही. अण्णाही गेले नाहीत. नात आता बोलायला लागली असेल, शाळेत जात असेल, अण्णांना काही ठाऊक नाही.

पण माघार? छे! उलट त्यांच्याकडे पुरावाच होता. "मी बोल्लो त्येच्यानंतर अवीनं तिसऱ्यांदा डिस्का घातल्या. त्या आजपातूर चांगल्या हायेत. सोसायटीतला सुतार न्हेऱ्याला कामाला जातो, त्यो सांगतो. भ्यायला त्यो! म्हनून खऱ्या घातल्या. मी खोटं बोल्लो का?" या युक्तिवादापुढे मी हात टेकले होते. बोलून झालं की मात्र ते बराच वेळ गेटकडे बघत बसायचे.

तर अशा माणसाच्या शेजारात राहून, गेल्या दिवाळीनंतर, माझी गाडी थरथरायला लागली.

पहिल्यांदा वैशालीच्या लक्षात आलं. गाडी तीच पौडला नेते, मी कंपनीच्या बसने जातो. "पिरंगुटचा उतार उतरताना ब्रेक लावला की स्टिअरिंग हातात नाचतंय," ती म्हणाली. मी चालवून पाहिली. खरंच, पेडल पायाला खालून धक्के देत होतं. अण्णा खालीच खुर्ची टाकून बसलेले. त्यांनी ऐकलं आणि कान टवकारले. "गाडी कुनाकडं दिलती? सर्विशिंगला? मग बदलली डिस्क. ठिपका दिलाता का?"

मी शिकलेला माणूस, मी हसलो. गाडी एका गॅरेजला नेली. त्याने डिस्का काढून लेथवर घासून सपाट करून आणल्या. गाडी लोण्यासारखी थांबायला लागली. दहा दिवसांनी पुन्हा थरथर. दुसऱ्या गॅरेजला नेली. तो म्हणाला, पहिल्याने फसवलं, डिस्काच बदला. बदलल्या. तीन आठवडे बरे गेले, मग पुन्हा तेच. तिसरा म्हणाला, दुसऱ्याने फसवलं.

आणि मग माझंही डोकं फिरलं. आता सांगायला लाज वाटते, पण तिसऱ्या गॅरेजला गाडी द्यायच्या आधी मी वैशालीच्या कपाटातून नेलपॉलिश काढलं आणि गुलाबी ठिपके दिले. त्या नादात पेट्रोल पंपावरच्या माणसाकडे, टायरमध्ये हवा भरणाऱ्याकडे, सोसायटीतल्या गाड्या धुणाऱ्याकडे मी डोळे बारीक करून बघू लागलो. वैशालीला म्हणालो, तूच ब्रेक जोरात दाबत असशील. त्यावर दोन दिवस मला डब्यात नुसती खिचडी मिळाली. अण्णांना मात्र माझ्यात एकदम माणूस दिसायला लागला. "आता कळलं न्हवं परभणीकर?" असं म्हणून ते मला शेजारी खुर्ची देऊ लागले.

शेवटी वैशालीच्या शाळेतल्या एका सरांनी पिरंगुटचं एक गॅरेज सांगितलं, "बोलतो कमी, काम बघून करतो." शनिवारी मी तिथे गेलो. तिशीतला, किडकिडीत, शांत माणूस. त्याने गाडी चालवून पाहिली, जॅकवर घेतली आणि चाकाचा नट काढायला पाना लावला. नट हलेना. त्याने पान्यावर पाय दिला, तरी हलेना. मग पूर्ण अंग टाकून झटका दिला तेव्हा तो 'कर्र' करून सुटला. पुढचा नट मात्र त्या मानाने लवकर निघाला. त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"ह्ये कोन आवळतं?"

"गॅरेजवाले."

"कुठल्याच गॅरेजवाल्याला एवढा येळ नसतो," तो म्हणाला. मग त्याने डिस्कला घड्याळासारखं एक यंत्र लावलं आणि मला त्याचा डुलणारा काटा दाखवला. "बगा. ह्या मोटारीचं चाक नाजूक आसतंय. चार नट सारख्याच जोरानं, समोरासमोरचे धरून आवळायचे. एक लई आवळला, एक कमी, की चाकामागची डिस्क वाकडी धरली जाती. मग फिरताना ती एका बाजूला झिजती, आन् ब्रेक मारला की थरथर. डिस्क नवी घाला न्हाईतर सोन्याची घाला, आवळनारा हात ह्योच आसंल तर पुन्हा तेच हुनार."

त्याने डिस्का घासून आणल्या, ठरलेला जोर आला की कट्ट असा आवाज करणाऱ्या वेगळ्या पान्याने नट आवळले आणि प्रत्येक नटापासून चाकापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढली. "ही रेघ तुटली, म्हंजे कुनीतरी हात लावला." नोंद करायला त्याने पत्ता विचारला. सोसायटीचं नाव ऐकलं आणि त्याचं पेन थांबलं.

"सोपानअण्णा हायेत का तितं अजून?"

"आहेत. तुम्ही कसे ओळखता?"

"माझ्या भनीचं सासरं," तो म्हणाला आणि पुन्हा लिहू लागला. हा तोच अविनाश. मुळशीत कुणाचा कोण निघेल सांगता येत नाही, पण एवढं मलाही अपेक्षित नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्या सोसायटीत रविवारी दुपारी दोन ते चार या वेळात इमारत उचलून नेली तरी कुणाला कळणार नाही, इतकी सगळी जेवून आडवी झालेली असतात. मीही होतो. पाच वाजता सहज खाली गेलो आणि चाकाकडे पाहिलं. रेघ तुटलेली. एक नाही, पुढच्या दोन्ही चाकांच्या आठही नटांवरच्या.

माझं मस्तक असं काही भडकलं की विचारू नका. तडक वॉचमनच्या केबिनमध्ये गेलो आणि कॅमेऱ्याचं दुपारचं चित्रण मागे नेलं. अडीच वाजता पडद्यावर एक टोपी आली. सोपानअण्णा. एका हातात चाकाचा मोठा पाना, दुसऱ्या हातात हातभर लांब लोखंडी पाइप. त्यांनी पाना नटावर बसवला, पान्याला पाइप जोडला, भिंतीचा आधार घेतला आणि पाइपावर चक्क उभे राहिले. वर उभं राहून दोनदा हलके हलके अंग दिलं. मग पुढचा नट. मग त्याच्या पुढचा. आठही झाल्यावर खांद्यावरच्या टॉवेलने चाकं पुसली, दोन पावलं मागे जाऊन गाडीकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून सावकाश निघून गेले.

मी थेट त्यांचं दार वाजवलं. चोरी करणाराच कॅमेरा बसवायला सांगतो, आपल्याला गॅरेज-गॅरेज फिरवतो आणि वर शेजारी खुर्ची देतो, असं बरंच काही मी वाटेतच जुळवून ठेवलं होतं.

"अण्णा, माझ्या गाडीला तुम्ही हात लावता?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "दर ऐतवारी."

एवढ्या सरळ उत्तराची माझी तयारीच नव्हती.

"बसा," ते म्हणाले. "दिवाळीच्या टायमाला बाईंची गाडी पंक्चर झालती. आठवतंय? रस्त्यावरच्या कुनीतरी चाक बदलून दिलं. गाडी हितं आली तवा मी आपलं सवयीनं बगितलं. एक नट हातानं फिरत व्हता, परभणीकर! हातानं! बाई तशाच पौडवरनं आल्या व्हत्या. मी आवळला. तवापासनं दर ऐतवारी बगतो. बाईंचं रोजचं जानं हाय, रस्ता खड्ड्याचा, आन् तुमाला त्यातलं कायबी कळत न्हाई."

"मग सांगायचं तरी!"

"सांगितलं आसतं तर नगं म्हनला आसता." मग थोडं थांबून म्हणाले, "ऐतवारी दुपारी मोकळाच आसतो. आदी संतोष यायचा. त्यो जेवून झोपला की मी खाली यिऊन त्येच्या गाडीचं नट आवळायचो. आता त्यो येत न्हाई."

माझा राग कुठे गेला कळलं नाही. मला एकदम सगळं दिसलं. बसच्या चाकाला दहा-दहा नट, पान्यावर उभं राहूनच ते आवळायचे. एकतीस वर्षांची ती सवय या माणसाने आमच्या चिमुकल्या गाडीवर चालवली होती, आमच्या काळजीपोटी. आणि आमच्या आधी, दर रविवारी, संतोषच्या गाडीवर. हे सांगायचं कसं? एकदा वाटलं, गप्प बसावं. आपण खास किल्लीशिवाय न फिरणारे नवीन नट आणावेत आणि विषय संपवावा. खरं बोललो तर या माणसाकडे उरतं काय?

पण अण्णांना संशयाची एकतीस वर्षांची तालीम होती. माझा चेहरा त्यांनी वाचला.

"तुमची थरथर कदीपासनं म्हनला?"

"दिवाळीनंतर."

"गॅरेजातनं आली की बरी ऱ्हाती. मग ऐतवार येतो." ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होते. "डिस्का नव्या घातल्या तरी?"

"तरी."

अण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. आयुष्यभर ज्यांनी जगावर संशय घेतला ते सोपानअण्णा त्या संध्याकाळी माझ्यासमोर बसून पहिल्यांदा स्वतःवर संशय घेत होते आणि मला ते बघवत नव्हतं.

"संतोषच्या तिसऱ्या डिस्का..." ते शेवटी म्हणाले, "त्येला माझा हात लागला न्हाई. त्यो आलाच न्हाई त्येच्यानंतर."

मी मान खाली घातली. "अण्णा, उद्या पिरंगुटला येता का माझ्याबरोबर?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला दांडी मारली. वैशाली शेजारच्या मॅडमच्या स्कूटरवर शाळेला गेली. अण्णा आठ वाजताच कडक इस्त्रीचा शर्ट घालून गाडीजवळ उभे होते. वाटेत ते फक्त एकदा बोलले, तेही भुकूम मागे पडल्यावर, "ब्रेक दाबा बरं जरा." मी दाबला. स्टिअरिंग किंचित, पण थरथरलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

अविनाशने त्यांना पाहिलं तसे त्याचे हात थांबले. नमस्कार नाही, काही नाही. अण्णांनीही नमस्कार केला नाही. म्हणाले, "मला दाव."

त्याने दाखवलं. डिस्कला काटा लावला, कट्ट आवाजाच्या पान्याने नट आवळले, डिस्क फिरवली. काटा जागच्या जागी. मग त्याने पाना अण्णांच्या हातात दिला, "आता तुमच्या हातानं." अण्णांनी पाइप जोडला आणि एक नट आपल्या पद्धतीने आवळला. डिस्क फिरली तसा काटा डुलायला लागला. अण्णांनी चष्मा पुसला. "पुन्हा." पुन्हा तेच. "ह्यो काटा बिगडल्याला आसंल." अविनाशने दुसरा काटा आणला. अण्णांनी तो कानाला लावून पाहिला, उलटा करून पाहिला, मग लावू दिला. तोही डुलला. तीनदा सगळं झाल्यावर ते हळूच उठले, पाइप भिंतीला टेकवून ठेवला आणि गॅरेजच्या मधोमध उभे राहिले.

गॅरेजात दुचाकी घेऊन आलेली एक बाई होती, दोन टेम्पोवाले होते आणि चहा घेऊन आलेला म्हातारा होता. अण्णांनी त्या सगळ्यांना हाक मारली. "हिकडं बगा जरा. मी ह्या पोराला चारचौघांत चोर म्हनलो व्हतो. ह्येच्या भनीला बी लागेल आसं बोल्लो. ह्येनं काय बी चोरलं न्हवतं. ह्येचं काम चोख व्हतं. माझा हात जड. बसचा हात मोटारीला लावला मी. चारचौघांत बोल्लो व्हतो, म्हनून चारचौघांत सांगतोय."

त्या चौघांना यातलं काहीही कळलं नव्हतं. एक टेम्पोवाला "बरं" म्हणाला. चहावाल्या म्हाताऱ्याने काय करावं न सुचून अण्णांच्या हातात चहा दिला.

अविनाश चाकापाशी उकिडवा बसून राहिला होता. त्याने तोंड बाहीला पुसलं. "अण्णा, दोन वर्सं मी सोताला इचारत व्हतो का माझं चुकलं कुटं," तो म्हणाला. "दोन येळा सगळं नीट करून बी... धंदा सोडावा वाटत व्हतं." अण्णा त्याच्याजवळ गेले. त्याच्या पाठीवर हात ठेवायचा की नाही, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी तो ठेवला आणि अविनाशने ठेवू दिला.

"ताईला फोन लावू का?" अविनाशने विचारलं.

"नगं. फोनवर मानूस काय बी बोलतो. मी जातो."

माझ्या गाडीचे नट अविनाशने नीट आवळून दिले आणि आम्ही घोटावडे फाट्यावरून नेऱ्याकडे वळलो. फाट्यावर अण्णांनी गाडी थांबवायला लावून पाव किलो पेढे घेतले. संतोषच्या इमारतीखाली पोचल्यावर मात्र ते गाडीतून उतरेनात. "संतोष कामावर आसंल," ते म्हणाले. मग म्हणाले, "रूपालीनं दार न्हाई उगडलं तर?" मी म्हणालो, उघडेल. "तुमाला काय म्हाईत?" मला खरंच काही माहीत नव्हतं.

दुसरा मजला. बेल वाजवली. लाकडी दार उघडलं आणि आतल्या जाळीच्या दारामागे एक लहान मुलगी उभी राहिली, दोन शेंड्या, हातात अर्धं बिस्कीट.

"कोण पाहिजे?"

अण्णांनी टोपी सारखी केली.  "मी आजोबा. तुजा आजा."

तिने त्यांना टोपीपासून चपलांपर्यंत न्याहाळलं. घाई केली नाही. बिस्कीटही खाल्लं नाही.

"कशावरून?" तिने विचारलं.

अण्णांनी पेढ्यांचा पुडा पुढे केला, तो अर्ध्यातच थांबला. सहा वर्षांत मी या माणसाला निरुत्तर झालेलं पाहिलं नव्हतं. ते माझ्याकडे बघू लागले, पण मी तरी काय सांगणार? मी त्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो.

आतून हात पुसत रूपाली आली. अण्णांना पाहिलं आणि जागीच थांबली.

"आई, हे म्हणतात मी आजोबा. खरं आहे का?"

 जाळीच्या अलीकडे अण्णा, पलीकडे ती. मला तो वाढदिवस आठवला, जो मी पाहिला नव्हता, नुसता ऐकला होता, आणि वाटलं, आता हिने दार लावून घेतलं तर हिला काय म्हणून बोल लावायचा? अण्णा म्हणाले, "अवीकडनं आलो. पोरी, माझंच चुकलं." एवढंच. 

रूपालीने कडी काढली. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"खरं हाय स्वरा," ती म्हणाली. "तुजंच आजोबा हायेत. मी सांगते ना."

मुलीने आईकडे पाहिलं, मग अण्णांकडे, आणि बाजूला झाली.

अण्णा चपला काढायला उंबऱ्यापाशी वाकले. वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. मी जिन्याकडे तोंड करून उभा राहिलो.